केशरबाईची नळी

पहिलीच नळी निघाली आणि ह्यांचा हात हवेत थांबला. नळी कुठून काढली ते बघायला त्यांनी मान खाली घातली, मग पुन्हा नळीकडे बघितलं, मग पुन्हा खाली. शिलाई मशीनवर माझा पाय चालूच होता, पण जीव सगळा त्या हाताकडे. मी मनात दहापर्यंत मोजलं. हात काही हलेना. तोवर रूपाबाईच्या ब्लाऊजच्या बाहीची टीप भलतीकडेच निघून गेली होती. उसवणं आलं.

हे म्हणजे माझे मालक, रत्नपाल. कनेरगाव नाक्यावर, वाशीम रस्त्याच्या कडेला आमचं एक पत्र्याचं शेड आहे. अर्ध्यात ह्यांचं गॅरेज, अर्ध्यात माझं ब्लाऊज शिवायचं मशीन. मधे एक सतरंजी टांगली होती, ती कधीची पडली आणि परत लावायला दोघांनाही सवड झाली नाही. एकमेकांसमोर काम करता करता तीस वर्षं गेली.

ह्यांचं नाव होतं ते आठवणीसाठी. अख्खं इंजिन खोलायचे, सगळे नट-बोल्ट एकाच घमेल्यात टाकायचे, आणि आठ दिवसांनी ज्याचं त्याला बरोबर लावायचे. चिठ्ठी नाही, खूण नाही. ह्याची त्यांना इतकी घमेंड की मला कधीकधी राग यायचा. आता वाटतं, असू द्यायची होती ती घमेंड.

कारण गेल्या दिवाळीपासून काहीतरी बिनसलं होतं. एकदा स्कूटरवर हिंगोलीला गेले आणि काळीपिवळी जीपमधून परत आले. स्कूटर कुठे म्हणून विचारलं तर माझ्याकडेच बघत राहिले. चहा पिऊन कप खाली ठेवायचा आणि चहा झाला का विचारायचं. एका जीपचं जुनं ऑइल काढलं आणि नवं टाकायचं राहिलं. मी हटकलं म्हणून बरं, नाहीतर इंजिनच बसलं असतं. पोरगी शीतल नांदेडला नर्स आहे, रोज फोन करते, पण मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. बोललं की खरं होईल असं वाटायचं. ह्यांना स्वतःला काही कळतंय की नाही तेही मला ठाऊक नव्हतं. रात्रंदिवस एकटीच जळत होते.

आणि अशात ही गाडी आली.

गाडी अपूर्वची. त्याचे वडील राधाकृष्णराव तहसीलमध्ये कारकून होते, त्यांच्या स्कूटरची सगळी हयात ह्यांच्याच हाताखाली गेली. पोरगा पुण्याला नोकरी करतो. हौसेनं कुठली तरी जुनी जपानी गाडी घेतली होती, जमिनीला पोट टेकलेली. तिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत म्हणे. तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी तुकडा आत गोल गोल फिरतो आणि गाडी पळते. ह्यांनी असलं इंजिन उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. गाडी ओढ घेत नव्हती, त्याचं कारण अपूर्वनं शोधून काढलं होतं: व्हॅक्यूम सोलेनॉइड. वीज मिळाली की हवेची वाट उघडायची-मिटायची एवढंच त्याचं काम, पण तसले सात-आठ एकाच पट्टीवर बसवलेले, आणि त्या पट्टीला चौदा बारीक रबरी नळ्या. अख्खी पट्टी काढून नवी बसवायची होती. नवी त्यानं मागवून डिकीतच ठेवली होती. पुण्याचा गॅरेजवाला दोन महिन्यांनंतरची तारीख देत होता, तर वडील म्हणाले, रत्नपालकडे ने, तो एकदा बघितलेलं कधी विसरत नाही.

मी मागून मानेनं नाही नाही म्हणत होते. ह्यांनी बघितलंही. आणि तरी म्हणाले, ठेव गाडी, संध्याकाळी ने. असा संताप आला मला.

अपूर्वनं एक गोष्ट आधीच बजावली होती. दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर गाडी चालू होईल, पण जोर दिला की इंजिनात नको तेवढी हवा घुसेल आणि इंजिन खलास. दुसरं मिळणार नाही. त्यानं मोबाइलवर फोटोही काढले होते, पण वरची झाकणं काढून झाल्यावर खाली काळ्या नळ्यांवर काळ्या नळ्या, फोटोत नुसता अंधार. शेवटी तो बाजेवर जाऊन बसला.

आणि आता पहिल्याच नळीला ह्यांचा हात थांबला होता.

मी उठले. आमच्या धंद्यात एक रीत असते. गिऱ्हाइकाच्या कापडातली एक चिंधी कापून ठेवायची, म्हणजे अस्तर, धागा, हुक सगळं तिच्याशी मिळवून घेता येतं. लग्नसराई होती, माझ्याकडे चिंध्यांचा डबा भरलेला. मी डबा आणि कात्री घेऊन गाडीपाशी गेले. एक चिंधी घेतली, मधून कापली, अर्धी नळीला बांधली, अर्धी जुन्या पट्टीवर, जिथून ती नळी निघाली त्या तोंडाला.

"चिंध्या नको," हे दबक्या आवाजात म्हणाले. "मला येडा समजून राहिली का तू?"

"न्हाई. मला भेव वाटून राहिलं," मी म्हणाले. "माझ्यासाठी बांधू द्या."

त्यांनी दुसरी नळी सोडवली आणि न बघता माझ्यापुढे धरली.

मग काम लागलं. मी बांधताना ज्या बाईची चिंधी तिचं नाव घेत होते, सवयच ती. केशरबाई, रूपाबाई, रुख्मिणीबाई. उष्णतेनं रबर कडक झालेलं, एक नळी काही केल्या सुटेना, तर हे गंभीरपणे म्हणाले की रुख्मिणीबाई लई हट्टी हाय. अपूर्व बाजेवरून फस्सकन हसला. मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले. तडकलेल्या नळ्या ह्यांनी मापानं नव्या कापल्या, मी जुन्या नळ्यांवरच्या चिंध्या सोडून नव्यांवर बांधल्या. दुपार झाली तेव्हा जुनी पट्टी बाहेर पोत्यावर होती, तिच्यावर चौदा चिंध्या फडफडत होत्या, आणि मला जेवण गोड लागलं.

नवी पट्टी बसवून नळ्या लावायला घेतल्या. चिंधीला चिंधी बघायची आणि नळी लावायची. बारा नळ्या लागल्या. मग मी थबकले.

उरलेल्या दोन्ही नळ्यांना एकच चिंधी होती. जांभळी, जरीच्या ठिपक्यांची. केशरबाई आणि रूपाबाई सख्ख्या जावा. तांड्यावर त्यांच्या दिराच्या, वसरामच्या पोराचं लग्न, आणि घरातल्या बायकांना लग्नात एकसारखं घालायची हौस म्हणून दोघींनी एकाच ठाणातलं कापड फाडून आणलं होतं. मी नावं वेगळी घेतली, चिंध्या मात्र एकच. एवढी वर्षं ब्लाऊज शिवते आणि हे ध्यानात आलं नाही. ह्यांच्या डोक्याची काळजी करता करता माझंच डोकं गेलं होतं.

पण हे तर होते ना. पूर्वीचे हे असते तर बोटानं दाखवून मोकळे झाले असते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दोन नळ्या दोन हातांत धरून उभे होते. वरचं तोंड, खालचं तोंड, डावा हात, उजवा हात. कपाळावर घाम. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं दिसलं. त्या नजरेत काहीच नव्हतं. सकाळचं सगळं पुसून गेलं होतं, आणि ते पुसलं गेलंय हे त्यांना ठाऊक होतं. आजचंच नाही, सगळंच कधीचं ठाऊक होतं.

अपूर्व उठून जवळ आला. म्हणाला, "बाबा सांगायचे, काकांना कधी थांबून विचार करावा लागत नाही."

ह्यांचा उजवा हात हलला. वरच्या तोंडाकडे निघाला. अंदाजानं.

"थांबा, तेल लागलंय," असं म्हणून मी फडकं घेतलं आणि दोन्ही नळ्या धरल्या. पुसताना एक चिंधी चिमटीत ओढली. ती ताठ राहिली. दुसरी ओढली, ती ताणली. केशरबाईचं ब्लाऊज साधं, तिची चिंधी सरळ कापडाची. रूपाबाईला गळ्याला गोट, म्हणजे कापडी किनार हवी होती, आणि गोटाला कापड तिरपं कापावं लागतं. त्याला आम्ही उरेब म्हणतो, ते ओढलं की ताणतं, आणि तिची चिंधी त्यातलीच. पोत्यावरच्या जुन्या पट्टीपाशी बसले, तिथल्या दोन चिंध्या ओढून बघितल्या. वरची ताठ, खालची ताणली.

उठले, ताठ चिंधीची नळी ह्यांच्या हातात दिली आणि घरचं काही बोलावं तसं म्हणाले, "केशरबाई थोरली. ती वर."

ह्यांनी नळी वर लावली. दुसरी खाली.

गाडी चालू झाली. आवाज वेगळाच, धडधड नाही, नुसता घूं घूं. अपूर्व तिला वाशीमच्या बाजूला जोरात पळवून आणायला गेला. तो येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. किती वेळ लागला देव जाणे, मला तर वर्ष वाटलं. परत आला तो हसत आला. ओढ अशी घेते म्हणे की बास. ह्यांच्या पायाच पडला, म्हणाला, "काका, काय आठवण आहे तुमची!"

"न्हाई," हे म्हणाले. पण तेवढ्यात त्याला वडिलांचा फोन आला आणि त्याला ते ऐकूच गेलं नाही.

तो गेला. मी मशीनवर बसून रूपाबाईची बाही उसवायला घेतली. हे साबणानं हात धूत होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून मशीनवर ठेवला.

"ह्यायला बी चिंध्या बांध," म्हणाले.

मला रडू फुटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, किल्ल्या एकेक बाजूला काढत होते. मी डबा घेतला. शटरच्या किल्लीला पिवळी चिंधी बांधली. स्कूटरच्या किल्लीला हिरवी. हत्यारांच्या पेटीला निळी. प्रत्येक वेळी ते तोंडानं म्हणत होते, पिवळी शटर, हिरवी स्कूटर, निळी पेटी. शाळेतल्या लेकरासारखं, दोनदोनदा.

शेवटची किल्ली घराची. तिला मी पांढऱ्या अस्तराची चिंधी घेतली, आणि नुसता रंग नको म्हणून वहीतलं पेन काढून तिच्यावर माझं नाव लिहिलं. गाठ मारून किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि सावकाश वाचली.

"दीक्षा," म्हणाले. मग जुडगा खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.