पडद्यावरची राहीबाई

पडद्यावर राहीबाईचं तोंड उमटलं तेव्हा पुढची पोरं एकदम मागं सरकली. देवळाच्या भिंतीएवढं तोंड. कपाळावरचं गोंदण, दातांतली फट, सगळं दिसत होतं. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या राहीबाईच्या मांडीवर शेजारणीनं थाप मारली.

"राही, तूच की गं."

राहीबाईनं पदर तोंडावर ओढला आणि पदराआडून पाहत राहिली.

मग पडद्यावरच्या बाईनं तोंड उघडलं, आणि सरकारी सिनेमाच्या मोटारीवरच्या कर्ण्यातून जो आवाज आला तो राहीबाईचा नव्हता. कुणा शिकल्यासवरल्या बाईचा गोड, खणखणीत आवाज होता, आणि तो हिंदीत बोलत होता. राहीबाईच्या हातातून पदर सुटला. ओठ तिचेच हलत होते, बोलणं भलत्याच बाईचं होतं.

पलूसजवळच्या त्या वाडीनं दुष्काळात अंगमेहनतीनं विहीर खोदली होती. सांगलीत फोटोंचं दुकान चालवणाऱ्या मधु मास्तरांना ते कळलं, आणि गेल्या माघात ते मुंबईच्या सिनेमावाल्यांना घेऊन आले. "गोष्ट तुमची आहे. काय दाखवायचं ते तुम्हीच ठरवा," मास्तर म्हणाले होते, आणि वाडीनं लिंबाखाली बसून खरोखरच ठरवलं. पहिली बादली कुणी ओढली यावरून भांडणंसुद्धा झाली.

गाडं अडलं ते जोतीरामपाशी. राहीबाईचा नवरा जोतीराम विहिरीची बाजू ढासळून गेला होता. त्या दिवशी त्याच्याबरोबर खाली असलेला नाथाजी म्हणाला, "मला वाचवाय गेला आन् गाडला, आसं सांगू. त्येचं नाव हुईल."

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "माती सुटाय लागली तवा समदी वर आली. पहार खाली ऱ्हायली. शेजारच्या वाडीची पहार, मागून आणल्याली. ती आणाय ह्ये परत उतारलं. तेवढंच सांगायचं."

आणि कॅमेऱ्यापुढं बसून तिनं तेवढंच सांगितलं. रडली नाही. शेवटी विहिरीकडं बोट केलं.

आता पडद्यावर तेच बोट होतं. त्याच्यापाठोपाठ खांद्यावर बंदुका घेतलेले शिपाई चालत आले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. राहीबाई काहीतरी मोठं बोलली, असं त्यांना वाटलं.

आप्पासोंनी मात्र टाळी वाजवली नाही. ते पलटणीतून पेन्शनीवर आलेले, वाडीत हिंदी कळणारं ते एकच माणूस. राहीबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ गेली.

"आप्पा, म्या काय म्हणलं वं?"

"खाली बस, पोरी."

"म्या काय म्हणलं?"

आप्पासो पडद्यावरची नजर न काढता बोलले. "माझा मालक लढाईवर कामी आला, म्हणतीस. मला त्येचा अभिमान हाय. ल्योक आसता तर त्यालाबी धाडला आसता."

राहीबाईच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि तिथंच थिजलं. "आवं, कुठली लढाई?"

आप्पासोंनी पडद्यावरच्या शिपायांकडं बोट केलं.

"आन् आमची हीर?"

"गावची माणसं खंदक खणाय शिकत्यात, म्हणतोय सिनेमातला सांगणारा."

जोतीराम कसा उतरला ते दाखवायला नाथाजी कॅमेऱ्यापुढं पुन्हा विहिरीत उतरला होता. त्याला चार जणांनी धरून उतरवावं लागलं होतं. आप्पासोंचं बोलणं त्यानं ऐकलं आणि तो उठून अंधारात निघून गेला.

मधु मास्तर मोटारीला टेकून उभे होते. सिनेमा त्यांनीही आजच पाहिला होता. राहीबाई पुढ्यात आली तेव्हा ते मोटारीपासून दूर झाले.

"राहीबाई, मला ठाऊक नव्हतं हो. मुंबईत परस्पर, सरकारच्या लष्करभरतीसाठी..."

"व्हय, दिसतंया तुमच्या तोंडावर. बंद करा की मग."

यंत्रावरच्या ऑपरेटरनं मान हलवली. "ते माझ्या हातात नाही, बाई. नोकरी जाईल माझी. उद्या रहिमतपूर, मग पुढची गावं."

"मंजी उद्या रहिमतपुरात मी ह्येच बोलणार?"

"हो."

"परवाबी?"

ऑपरेटर संपलेलं रीळ गुंडाळू लागला.

राहीबाई मास्तरांना म्हणाली, "हितं समद्यांस्नी ठावं हाय, ह्ये कसं गेलं त्ये. तिथल्यांस्नी कुणी सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी लेकीला शेजारणीकडं ठेवून ती मास्तरांबरोबर आगगाडीत बसली. गाडीत बसायची तिची पहिलीच वेळ, पण खिडकीबाहेर तिनं पाहिलं नाही.

"लढाईचे दिवस आहेत," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "सरकारविरुद्ध बोललात म्हणून धरतील."

"मी सरकाराचं नावबी घेत न्हाई. माझ्या मालकाचं सांगती."

रहिमतपूरच्या बाजारपटांगणात दिवेलागणीला गर्दी जमली. एकही चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. विहीर आली, खणणारी माणसं आली, मग तिचं तोंड आलं, आणि कर्ण्यातली ती बाई बोलू लागली. राहीबाई उठून पडद्यापुढं गेली. तिची सावली तिच्याच तोंडावर पडली.

"ए बाई, खाली बस," मागून कुणीतरी ओरडलं.

"ती बाई मीच हाय," ती म्हणाली. "पर बोलतीया ती मी न्हवं."

कुणी हसलं. कुणी शिट्टी मारली. ऑपरेटरनं मास्तरांकडं पाहिलं, पण कर्णा चालूच ठेवला.

"माझा मालक, जोतीराम," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं चारचौघांत असं कधीच घेतलं नव्हतं. ते तोंडातून गेल्यावर क्षणभर तिलाच पुढचं सुचेना. मग ती सांगू लागली.

कर्ण्यापुढं तिचा आवाज पुरत नव्हता. पुढच्या रांगेतला एक म्हातारा पडद्यावरची नजर काढून तिच्याकडं वळला आणि कानामागं तळहात धरून बसला. मग एक बाई कडेवरचं पोर सावरत जवळ सरकली. तिच्यामागं आणखी दोघीतिघी आल्या.

पडद्यावर शिपाई आले तेव्हा मागं टाळ्या वाजल्या. पुढची माणसं ऐकत होती.