बंकटचं कुत्रं

वच्छलाबाईंच्या पोटरीला शेजारच्या बंकटचं कुत्रं चावलं. घटकाभरात बंकट स्वतः दारात आला आणि कळवळून म्हणाला, "काकू, घाबरू नका. त्याला इंजेक्शन दिलंय. मळ्यात बांधून ठिवलंय."

सून चैतालीनं जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतली. "आत्याबाई, आत्ताच दवाखान्यात जाऊ."

वच्छलाबाईंनी "उद्या बघू" म्हणून दिवस काढला. पण रात्रभर बंकटचा तो कळवळलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. त्याच्या शेळ्यांनी दोनदा तूर खाल्ली, तेव्हा हा माणूस फिरकला नव्हता. आता एवढी गोडी कशापायी?

"आधी कुत्रं बघते," सकाळी त्या म्हणाल्या. चैताली सोबत निघाली.

मळ्यात लिंबाला तांबडं कुत्रं बांधलेलं होतं. भाकरी खात होतं.

"बघा, ठणठणीत हाय," बंकट लांबूनच बोलला.

वच्छलाबाई बघत राहिल्या. अंगावर आलेल्या कुत्र्याचा डावा कान फाटका होता. याचे दोन्ही कान धड होते.

"हे तुजं न्हाई, बंकट."

"तेच हाय. भ्यानं तुमाला नीट दिसलं नसंल."

"मग हाक मार त्याला."

बंकटनं दोनदा हाक मारली. कुत्र्यानं मान वर केली नाही. तेवढ्यात चैताली म्हणाली, "आल्यापासून उजवा हात खिशात का ठेवलाय?"

बंकटनं बांधावर बसून हात बाहेर काढला. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. "काल दुपारी मेलं ते. तोंडाला लाळ गळत होती. आदल्या दिवशी मलाबी चावलं, तरी मी मोकळं सोडलं. इंजेक्शन दिलंच नव्हतं. गावाला कळलं तर मला उभं करणार न्हाईत. हे कुत्रं मेव्हण्याचं हाय."

वच्छलाबाई तरातरा पुढं गेल्या. त्या त्याच्यावर हात उगारणार होत्या. पण फडक्याकडं नजर गेली.

"ऊठ. आमच्यासंगं चल."

"मला नुसतं खरचटलंय."

"ऊठ म्हणते ना!"

केजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांच्या जखमा पुन्हा धुतल्या, जखमेभोवती रेबीजवरचं सिरम टोचलं, दंडात लस दिली. "वाट बघत बसायची नसते," ते म्हणाले. "ज्या दिवशी चावतं, त्याच दिवशी यायचं. आता एकही तारीख चुकवू नका."

बंकट जाईल यावर वच्छलाबाईंचा भरवसा नव्हता. प्रत्येक तारखेला त्या त्याच्या दारात उभ्या राहिल्या, त्याला पुढं घालून नेलं. महिन्याभरात दोघांचेही डोस पुरे झाले आणि दोघंही धडधाकट राहिले. पण वाटेत त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.