शेरा नावाचा रकाना

मित्रांनो, जिन्याखालच्या अडगळीत पुठ्ठ्यांच्या ढिगाआड पडलेला जुना सर्व्हर तो मीच. सर्व्हर म्हणजे कंपनीची सगळी माहिती सांभाळणारा संगणक. शांतपणे गोष्ट सांगायचा माझा विचार होता. पण आज मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

आमची कंपनी मापाचे बूट बनवते. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचे पाऊल वाकडे, अशांसाठी. नवा होतो तेव्हा मला थंडगार स्वतंत्र खोली होती. नोंदणीच्या बाई रोज माझी धूळ पुसायच्या. गिऱ्हाईक फोनवर जे सांगे, ते त्या 'शेरा' या रकान्यात लिहायच्या. 'डावी टाच पाऊण इंच उंच.' 'नाडी नको, हात थरथरतात.' अकरा वर्षांत एकही शेरा मी हरवला नाही.

मग कंपनीने इंटरनेटवर दुकान थाटले. मागणी दसपट झाली आणि माझी दमछाक होऊ लागली. माहिती दूरच्या भाड्याच्या सर्व्हरांवर न्यायचे ठरले. त्यालाही माझी ना नव्हती. पण ती हलवायला बाहेरून आलेल्या, टाय लावलेल्या संगणक-तज्ज्ञाने नव्या दुकानात फक्त माप आणि रंग ठेवले.

"आणि शेरे?" बाईंनी विचारले.

"गप्पा आहेत त्या. एवढं कोण वाचत बसतंय?"

मालकही हसले. माझी वायर उपटली आणि मला इथे कोंबले.

आज सकाळी एक बाप बुटांचा खोका घेऊन आला. "मी 'मागच्यासारखेच' हे बटण दाबलं होतं," तो म्हणाला. दोन्ही टाचा सारख्या होत्या. त्याची मुलगी शाळेच्या पायरीवर पडली, मनगट मोडले. आता ती पाऊल टाकायलाच घाबरते.

बाई कुणाला न विचारता जिन्याखाली आल्या. पुठ्ठे बाजूला फेकून त्यांनी मला वायर जोडली. मी खरखरलो, पण उठलो. पडद्यावर त्यांचाच शेरा आला : 'डावी टाच पाऊण इंच उंच. घाबरट आहे, पहिल्या दिवशी हात धरावा.'

असे चार हजार शेरे माझ्या पोटात आहेत, आणि उद्या मी भंगारात जाणार होतो!

मित्रांनो, नवे खुशाल आणा. मला माझी खोली परत नको. पण जुन्याची वायर उपटण्याआधी त्याच्यापाशी रोज बसणाऱ्या माणसाचे ऐका.

बाईंच्या मागोमाग जिन्याखाली आलेल्या मालकांनी तो शेरा वाचला. "चुकलंच आमचं," ते बाईंना म्हणाले.

बाईंना काय सांगता? त्या मुलीच्या घरी जाऊन सांगा.