खाणीच्या मनोऱ्यावरचा मोजणारा

मी एक जुना एन्कोडर आहे. मित्रांनो, माझ्या पोटात बारीक रेषांची काचेची चकती आहे. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. चकती फिरली की उजेड-अंधार मोजायचा, एवढेच माझे काम.

झांबियातल्या एका तांब्याच्या खाणीवर, उंच मनोऱ्याच्या चाकाशी मला जोडले. चाकावरून दोर जातो आणि दोराला माणसांचा पिंजरा. खाली यंत्रखोलीत दोर सोडणाऱ्या ढोलावर माझ्यासारखाच दुसरा, माझा भाऊ, बसवला होता. आमचे आकडे जुळले नाहीत की तिथे घंटी वाजे. भावाला माणसांच्या गप्पा ऐकू येत, त्या तो तारेतून मला कळवी. मला स्वतःला फक्त वारा.

माझ्याकडे एकटा चितालू येई. वीजकामाचा माणूस. फडक्याने काच पुसताना विचारी, "काय म्हणतोस, म्हाताऱ्या?"

एका सकाळी माणसे भरून पिंजरा निघाला आणि थोडे खाली जाताच माझे चाक थांबले. ढोल मात्र फिरतच होता. घंटी वाजली. यंत्र चालवायला बानाकुंदा, म्हणजे कुंदाची आई, बसली होती.

फोरमन म्हणाला, "वरच्या मोजणाऱ्यावर धूळ बसली असेल, बाई. चालू ठेवा."

"परवाच पुसलाय चितालूनं. मी थांबवतेय."

तिने ब्रेक मारला. पिंजरा वाटेतल्या एका वाकलेल्या तुळईत अडकला होता. सैल दोर आणखी साचला असता आणि पिंजरा अचानक सुटला असता, तर सगळे खाली कोसळले असते. सगळे सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी बानाकुंदाच्या अंगणात मक्याच्या पिठाची न्शिमा आणि सुकी मासळी रांधली गेली.

चितालू वर आला. "तुला कुणी काही आणलं नाही ना? मी तरी काय आणू? तू खात नाहीस." काच मात्र त्याने फार वेळ पुसली.

पुढे तो निवृत्त होऊन गावी गेला. बानाकुंदाही काम सोडून गेली. माझ्या काचेवर धूळ साचली, माझे आकडे चुकू लागले, घंटी उगाच वाजू लागली.

"वर कोण चढणार? तारच काढून टाक," नवा फोरमन म्हणाला.

तार निघाली. दिवा विझला. चाक फिरते, त्याबरोबर मीही फिरतो, पण मोजत नाही. चितालूची लेक चिलेशे हल्ली त्याच पिंजऱ्यातून कामाला उतरते.

मित्रांनो, मला शाबासकी नको. कुणीतरी फडके आणि तार घेऊन वर या.