हात आखडू नका

नव्या वस्तूला जुनं करणं हा कवळीवाल्यांचा पोटापाण्याचा धंदा होता आणि सुट्टीतला नादही तोच. दिवसभर ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचे. पांढरेशुभ्र दात काय, कुणालाही जमतात. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात म्हातारे दातच शोभतात, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून एखाद्या दाताच्या मुळाशी ते चहाचा पिवळेपणा भरायचे, पुढच्या दातावर केसाएवढी चीर रंगवायचे, आणि गिऱ्हाईक खुर्चीतून उठून मोकळेपणी हसलं, की त्यांना दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन, दुसऱ्या डब्यातले कुंचले काढायचे आणि डिझेल इंजिनांची छोटी मॉडेलं मळवत बसायचे.

'मळवणं' हा शब्द त्यांच्या बायकोचा. दारात कुणी आलं की ती सांगायची, "आहेत ना, आत इंजिन मळवत बसलेत. शर्टाच्या कॉलरी मळवतात तितक्याच मन लावून."

पण ती चेष्टा करायची तशी तिला त्यातली माहितीही सगळी होती, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला हे गृहस्थ तेच ते ऐकवायचे. तळहातावर मावणाऱ्या इंजिनाला मळ जरा जास्तच लावावा लागतो. छपरावरची काजळी, चाकांवरची तांबूस धूळ, टाकीवरून ओघळलेलं डिझेल, सगळं जरा ठळक. नाहीतर हातभर अंतरावरून इंजिन कोरं करकरीत दिसतं. मोठ्या मापाचं असेल तर मात्र निम्मं पुरे. मोठ्यावर तितकंच लावलं की ते वापरातलं वाटत नाही, घाण वाटतं. मॉडेलं करणाऱ्यांच्या मंडळातले नवशिके हे ऐकून माना डोलवायचे. मंडळाच्या प्रदर्शनात दारासमोरचं टेबल दरवर्षी कवळीवाल्यांचं असायचं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

या सगळ्या इंजिनांत एक इंजिन त्यांच्या जिवाचं. त्यांचे सासरे, म्हणजे बाबा, रेल्वेत डिझेल इंजिनाचे चालक होते. एकाच इंजिनावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. एकदा जेवताना बाबा सहज बोलून गेले होते, "केबिनमध्ये इतकं उकडायचं की मी कायम खिडकीत कोपर टेकून बसायचो. खिडकीखालचा रंग माझ्या कोपराने पार घासून गेला होता. इंजिनं धुणारे लोक म्हणायचे, नंबर कशाला बघायचा, हे इंजिन कुणाचं ते कोपरावरून कळतं." बाकीच्यांनी हसून भात वाढून घेतला. कवळीवाल्यांनी मात्र ते मनात नीट ठेवून दिलं आणि बाबांचं इंजिन केलं तेव्हा चालकाच्या खिडकीखाली, तिळाएवढ्या जागेत, रंग झिजवून कोपराची खूण केली. त्यांनी आजवर केलेल्या कामातलं ते सगळ्यात बारीक काम होतं. इंजिन त्यांनी बाबांना देऊन टाकलं, पण खुणेबद्दल काही सांगितलं नाही. सांगून दाखवण्यात काय मजा? बाबा स्वतःच कधीतरी ओळखतील, बोट ठेवतील, म्हणतील, "अरे, हे माझं कोपर!" त्या एका वाक्याची ते वाट बघत होते. बाबा इंजिन हातात घ्यायचे, फिरवायचे आणि म्हणायचे, "वा, छान." बस्स. 'वा, छान' तर लोक भाजीलाही म्हणतात.

ही खूण दाखवली होती ती फक्त साडूभाऊंना, भिंगाखाली. आता तेच आठवून कवळीवाले स्वतःवर चडफडत होते.

साडूभाऊ म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि पडदे शिवून लावून द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. माणूस गोड, सगळ्यांशी हसून बोलणारा, आणि सासूबाई गेल्यावर बाबा राहायला त्यांच्याकडे गेले होते. इंजिनांचा नाद त्यांना कवळीवाल्यांनीच लावला. कुंचला कसा धरायचा, पावडर कापसाच्या काडीने कशी बसवायची, वरून वार्निश कसं फवारायचं, सगळं यांनी शिकवलं. साडूभाऊंचा हात बेताचाच होता, त्यामुळे शिकवताना यांना भारी आनंद व्हायचा.

आणि एका रविवारी कवळीवाले त्यांच्याकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर हे एवढं इंजिन! कोपरापासून मनगटापर्यंत लांब, अजून कोरं, कारखान्यातून नुकतंच आल्यासारखं. तेच बाबांचं इंजिन, पण मोठ्या मापाचं. दारं उघडत होती. केबिनमधल्या खुर्चीचे पाय दिसत होते.

"दादा, मी मोठ्या मापात उडी मारली," साडूभाऊ हसत म्हणाले. "म्हटलं, बाबांच्या हाताला जरा भरेल असं काहीतरी करावं."

हाताला भरेल असं! म्हणजे आमचं भरत नव्हतं तर. मेहुणीने पुढे केलेला चहा कवळीवाल्यांनी न फुंकताच तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली.

"छान आहे," ते म्हणाले. "मोठं म्हणजे जरा खेळण्यासारखं दिसतं, पण छान आहे."

बाबा शेजारीच बसले होते. मोठ्या इंजिनाच्या छपरावरून त्यांचा हात पुढे-मागे फिरत होता, मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा. इतका वेळ त्यांनी छोटं इंजिन कधी हातात धरलं नव्हतं. कवळीवाल्यांना ते बघवेना. ते उठून बाबांच्या खोलीत गेले. उशाशी असणारं छोटं इंजिन आता फडताळात होतं, औषधाच्या बाटल्यांच्या मागे, आणि चालकाची बाजू भिंतीकडे. तिळाएवढं कोपर भिंतीला टेकलेलं! या घरात कशाची कदर म्हणून नाही, त्यांनी मनात म्हटलं, आणि इंजिन फिरवून नीट ठेवलं.

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. कवळी करताना डोळ्यांसमोर ते लांबलचक इंजिन यायचं. एका सज्जन बाईंच्या दाताला त्यांनी इतका पिवळेपणा भरला, की डॉक्टरांनी कवळी परत पाठवली. हेवा वाटतोय हे त्यांना कळत होतं. तेवढे ते स्वतःशी प्रामाणिक होते. या माणसाला आपणच शिकवलं, बाबा त्याच्याकडे, मोठं माप त्याचं, उद्या दारासमोरचं टेबलही त्याचंच होईल, आणि वर तो इतका भला की त्याच्यावर धड रागावताही येऊ नये. हेच तर सगळ्यात जास्त झोंबत होतं.

बाबांच्या वाढदिवसाच्या आधी साडूभाऊंचा फोन आला. "दादा, मळवायला घेतलंय. पण एवढं मोठं अंग बघून हातच उचलत नाही हो. लहान इंजिनावर लावतो तेवढंच लावू, की कमी?"

कवळीवाल्यांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आयुष्यभर ते फुकटात वाटलेलं होतं. निम्मं पुरे, एवढे दोनच शब्द.

"तेवढंच लावा," ते म्हणाले. "उलट थोडं जास्तच. मोठं अंग आहे, खपून जातं. हात आखडू नका."

"आणि ते कोपर? तुमच्यासारखं करू का? तुमची हरकत नसेल तर."

एवढी परवानगी मागावी माणसाने! "करा की," कवळीवाले म्हणाले. "चांगलं दणकून करा."

फोन ठेवल्यावर त्यांनी शीळ घातली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय." त्यांनी नुसतं "हं" केलं. रात्री जेवण चांगलं गेलं. पडून राहिल्यावर मात्र शीळ आठवली आणि जरा लाज वाटली, पण झोप लागायची थांबली नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी दोन्ही घरची माणसं साडूभाऊंच्या बैठकीत जमली. साडूभाऊंनी इंजिन आणून टेबलावर ठेवलं आणि वरचा रुमाल काढला.

सांगितलं होतं त्याहून जास्तच केलं होतं त्यांनी. छपरावर काजळीचे थर, बाजूंवर पावसाचे ओघळ बोटाबोटाएवढे रुंद, टाकीवर डिझेल सांडून सांडून काळं कुळकुळीत झालेलं. खिडकीखाली रंग खरवडून खरवडून नाण्याएवढी चकाकती जागा केली होती. कोपर कसलं, म्हशीने अंग घासल्यासारखं दिसत होतं.

"अगंबाई, गटारातून काढलं की काय?" मेहुणी म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मुलं फिदीफिदी हसली. साडूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी कवळीवाल्यांकडे बघितलं, शाळेतलं पोर मास्तरांकडे बघतं तसं.

कवळीवाल्यांना आतून गुदगुल्या होत होत्या. चेहरा गंभीर ठेवून ते म्हणाले, "नाही, पहिल्या प्रयत्नाच्या मानाने वाईट नाही."

"जरा इकडे आणा ते," बाबा म्हणाले.

साडूभाऊंनी इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी मान वळवली, सरळ न बघता डोळ्याच्या कडेने बघावं तशी. मग उलट्या बाजूला वळवली. हाताने इंजिन हळूहळू सरकवत राहिले. कुणीतरी काहीतरी बोलणार होतं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "टाकीचं तोंड इथे. इथेच सांडायचं. भरणारा पोरगा नेहमी घाईत." बोट पुढे सरकलं. "हा पावसाचा ओघळ. आणि हे..."

बोट खिडकीखाली थांबलं.

"हे माझं कोपर आहे," बाबा म्हणाले. "अरे, हे माझं कोपर आहे!"

आवाज इतका मोठा निघाला की मुलं हसायची थांबली. बाबांनी आपलं कोपर वर उचलून बघितलं, मग पुन्हा ती चकाकती जागा बघितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

 ते वाक्य कवळीवाल्यांचं होतं. कित्येक वर्षं ते त्याची वाट बघत बसले होते, आणि बाबा ते म्हणाले दुसऱ्याच्या इंजिनाला, अशा भसाड्या, ओबडधोबड कामाला! त्या क्षणी त्यांना साडूभाऊंचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्यांना उभ्या जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

"बाबा, तुम्हाला दिसतंय?" मेहुणीने विचारलं.

"दिसतंय म्हणजे काय! डोळ्यांच्या मधोमध तर डागच आहे नुसता. कडेकडेने दिसतं, तेही ठसठशीत असलं तर. हे दिसलं." मग कवळीवाले बसले होते त्या बाजूला तोंड करून ते म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका. तुमचं छोटं इंजिन मला बरेच दिवस दिसतच नाही. तुम्ही एवढ्या हौसेने दाखवता, म्हणून वा म्हणायचो."

"त्या छोट्यावरही कोपर आहे, बाबा," साडूभाऊ घाईघाईने म्हणाले. "मूळ कल्पना दादांची. मी नुसतं बघून केलं. आणि खरं सांगू का, एवढं गडद करायला मी घाबरत होतो. दादाच म्हणाले, हात आखडू नका. त्यांना ठाऊक होतं तुम्हाला कसं दिसेल ते."

त्यात टोमणा नव्हता, काही नव्हतं. साडूभाऊंना खरोखरच तसं वाटत होतं. आता त्यांचा चेहरा पुन्हा फुलला होता.

बाबांनी हात पुढे केला. कवळीवाल्यांना उठून तो धरावाच लागला. "कुणाला एवढं सुचतं हो?" बाबा म्हणाले. "सगळ्यांनी निम्मंच केलं असतं, आणि मी आपला पुन्हा वा म्हटलं असतं. दुसऱ्या बाजूची खिडकी राहिलीय. तिथे माझा सहायक बसायचा. त्याचं कोपर तुम्ही करा. आणि हात आखडू नका."

सगळे हसले. कवळीवाल्यांनी मान हलवली. बाबांना मान हलवलेली दिसत नाही हे आठवून मग ते मोठ्याने "हो" म्हणाले.

परत जाताना दोघं चालतच निघाले. बायकोच्या हातात उरलेल्या केकचा डबा होता. बराच वेळ ती खुशीत होती. सगळ्यांसमोर बाबांनी आपल्या नवऱ्याला नावाजलं, म्हणून तिची मान ताठ झाली होती. मग कोपऱ्यावरच्या दुकानाशी तिची पावलं मंदावली.

"पण तुम्ही तर जगाला सांगत असता, मोठ्या मापाला निम्मं पुरे म्हणून."

"हो."

"मग त्यांना असं उलटं का सांगितलंत? बाबांच्या डोळ्यांचं तुम्हाला तरी कुठे नीट माहीत होतं?"

'माहीत होतं' म्हणायला काही लागत नव्हतं. ती मानायला तयारच होती. बहुधा तिला तेच ऐकायचं होतं.

"बिघडावं म्हणून सांगितलं," कवळीवाले म्हणाले.

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. त्यांच्याकडे बघितलं नाही. "उद्या जा आणि सांगा त्यांना खरं काय ते," ती म्हणाली. "निम्मं पुरे म्हणून सांगा."

"कसं सांगू?" ते म्हणाले. "निम्मं केलं तर बाबांना दिसणार नाही."

 घर येईपर्यंत ती दोन पावलं पुढेच चालत राहिली आणि ते मागून गेले.