आळ टाचण्यांवर, मार मला

मी चिकटी बोलतेय, कातडीतलं एक प्रथिन. हसू नका. डॉक्टर लोकांनी माझं नाव इतकं लांबलचक ठेवलंय, की ते घेता घेता माझं अर्धं आयुष्य सरेल. आणि आयुष्य तरी केवढं, दिवस-दोन दिवसांचं! मी गेले की माझ्या जागी तश्शीच दुसरी. नाव तेच, खोड्याही त्याच. म्हणून आम्ही सगळ्या मिळून एकच 'मी' म्हणतो.

कातडीतली एक पेशी दुसरीला धरून राहते ना, ते माझं काम. टिचबटण माहितीय? तसंच. इकडून मी, पलीकडून माझी बहीण. टिच! बसलो घट्ट. शाळेत काही मी गेले नाही, पण धरायचं कसं हे शिकवावं लागत नाही. माझ्या चुलत बहिणी अंगभर आहेत. कुठे त्यांनी हात सोडला, तर तिथल्या बिघडलेल्या पेशी भटकभवान्या होऊन भलत्याच ठिकाणी बिऱ्हाड थाटतात. तो आजार वेगळा. त्याचं नाव काढलं तरी माणसं गप्प होतात.

मी राहते एका शिलाईवालीच्या गालात, आतल्या बाजूला. बाई कामाला वाघ. खोड एकच, टाचण्या ओठात धरायची. ओठात पाच टाचण्या, आणि तरी गिऱ्हाइकाशी तोंडाचा पट्टा सुरू! मला भारी मजा वाटायची.

एक दिवस रक्तातले राखणदार माझ्यावर धावून आले. त्यांचं काम बाहेरचे जंतू हाकलायचं. जन्मभर मला बघत आलेले, त्या दिवशी ओळखच विसरले. "ही कोण? चोर!" म्हणून माझे हातच पकडले. अरे बाबांनो, घरचीच आहे मी! ऐकतंय कोण? हात सुटला. पेशी पेशीपासून लांब गेली, मधे पाणी भरलं, फोड आला आणि फुटला.

शिलाईवाली नवऱ्याला म्हणाली, "अहो, तोंड आलंय मला."

नवऱ्याने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "आत्ता आलं? मी तर लग्नापासून बघतोय."

मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण तिथंच सगळ्यांचं चुकलं. तोंड येणं म्हणजे काय, चार दिवसांची गोष्ट! नणंद म्हणाली, "वहिनी, उष्णता झालीय तुम्हाला. आणि त्या टाचण्या काढा आधी तोंडातनं."

झालं! आळ गेला टाचण्यांवर. शिलाईवालीने त्या मनगटाला बांधलेल्या उशीत खोचायला सुरुवात केली आणि तीन महिने वाट बघितली. पाण्याचा घोट गिळताना डोळे भरून यायचे. तिच्या तोंडातच राहत होते मी, पण एक शब्द सांगता आला नाही.

मग पाठीवर फोड आले. झंपर चिकटायला लागला. तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी बोटाने कातडी जराशी दाबली, तर ती ओल्या कागदासारखी सरकली. कातडीचा तुकडा काढून पाठवला, तो तपासून आला.

"टाचण्यांचा काही दोष नाही हो," बाई म्हणाल्या. "तुमच्याच अंगातले राखणदार फिरलेत. या गोळ्यांनी ते शांत होतील. पण मनाने बंद करायच्या नाहीत. जिवावर बेतेल."

गोळ्यांनी राखणदार पेंगुळले. मी परत हात धरला. ती पोटभर जेवायला लागली. पण गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला. एक जुनं गिऱ्हाईक दारात आलं आणि तिलाच विचारलं, "इथल्या त्या शिलाईवाल्या बाई कुठे गेल्या?" त्या दिवशी मशीन लवकर बंद झालं.

गेले पाच दिवस ती गोळी हातात घेते, नुसतं पाणी पिते आणि गोळी कातरणांच्या टोपलीत टाकते.

"घेतलीस ना गं?" नवरा विचारतो. आता पेपर बाजूला ठेवून विचारतो.

"घेतली हो."

राखणदार जागे होतायत. काल एकाने मला परत निरखून बघितलं. आज सकाळी शेजारची बहीण सुटली. मी धरून आहे, पण बोटं निसटतायत.

अगं बाई, फुगू देत ना गाल! तिला नाही ऐकू येत. तुम्हाला येतंय ना? मग तिच्या नवऱ्याला एवढं सांगा हो कुणीतरी, त्या कातरणांच्या टोपलीत एकदा हात घाल म्हणावं.