भिकूची चव

सौदीतल्या तबूकबाहेरच्या विमानतळावर ब्रिटिश हवाई दलाची एक तुकडी असायची. माणसं तेवढी बदलायची. दर काही महिन्यांनी नवे गोरे चेहरे यायचे, उन्हाने लालबुंद व्हायचे आणि मेसच्या आचाऱ्याला, उस्मानला, तेच विचारायचे, "इथे कायम इतकं गरम असतं?" उस्मानही तेच हसायचा. कोकणातलं बाणकोट सोडल्यापासून शेगडीपुढे उभं राहून राहून त्याचे पाय आणि ते हसू, दोन्ही पार दमले होते.

यंदा मात्र त्याला ईदला घरी जायचंच होतं. लेक अरवा चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, आणि हे सगळं त्याने फोनवर पाहिलं. सुपरवायझर सुशांतसाहेब म्हणाले, "या तुकडीच्या निरोपाचं दुपारचं जेवण भिकूला एकट्याने करू दे. जमलं, तर तू ईदला मोकळा."

भिकू गुहागरचा, उस्मानच्या हाताखालचा. रमजानात उस्मान रस्सा जिभेला लावत नसे. टोकावर घेऊन थुंकलं तर चालतं, असं मौलवी सांगत, पण त्याचं मन घेत नसे. मग चाखायचं काम भिकूचं. "बरोबर आहे, भाई," एवढं तो म्हणाला की पातेलं खाली उतरायचं. कित्येक रमजान असेच गेले.

त्या दिवशी भिकूने कोंबडीचा रस्सा केला. चमचा तोंडात घातला, थांबला, मीठ टाकलं. पुन्हा चाखलं, पुन्हा टाकलं.

"अरे, किती?" भिंतीला टेकलेला उस्मान म्हणाला.

"बरोबर आहे, भाई. तू बस. तोंड बघ तुझं, सुक्या बोंबलासारखं झालंय."

उठून थेंबभर जिभेवर घ्यावा, असं उस्मानला वाटलं खरं. पण रोज्याने अंगात त्राण नव्हतं. तो बसला.

गोरे जेवले. "लव्हली, लव्हली" म्हणत पाण्याचे जग रिकामे करत राहिले. सुशांतसाहेबांनी पहिल्याच घासाला ताट सरकवलं. "याच्या भरवशावर मेस टाकून चालला होतास? रजा खलास."

मागच्या दाराशी भिकू नाक शिंकरत होता. परवाच्या वाळूच्या वादळापासून ते चोंदलं होतं, कशाची म्हणून चव लागत नव्हती.

"मग बोलला का नाहीस?" उस्मानने विचारलं.

"बोललो असतो तर साहेबांनी मला दवाखान्यात धाडलं असतं. मग तुझ्या रजेचं काय?"

उस्मानला रागवायचं होतं. तेवढाही जोर उरला नव्हता.

सूर्य बुडाला, रोजा सोडायची मगरिबची अजान झाली. भिकूने खजूर, पाणी आणि उरलेला तोच रस्सा आणून ठेवला. दुसरं काही शिजवायची दोघांचीही तयारी नव्हती. तेवढ्यात बायकोचा, रुकय्याचा फोन.

"काढलंत तिकीट?"

"यंदा जमत नाही गं. अरवाचा ईदचा फ्रॉक फोनवरच दाखव."

 पलीकडून फोन बंद झाला.

उस्मानने रोटी रश्शात बुडवली. मिठाने डोळ्यांत पाणी आलं. भिकू मान खाली घालून बसला होता.

"भाई, फारच खारट आहे का?"

"बरोबर आहे," उस्मान म्हणाला आणि पाण्याचा जग पुढे ओढला.